सणांच्या भिंतीवरचा फोटो

वसुधाचा वड चौदा वर्षं कुंडीत होता. वड कसला, फायकस. डार्मश्टाटला आल्या आल्या फर्निचरच्या दुकानातून आणलेला, कमरेएवढा उंच, हीटरजवळ ठेवला की रुसून पानं गाळणारा. दर ज्येष्ठ पौर्णिमेला वसुधा त्यालाच हळदकुंकू वाहायची आणि सुताचे सात वेढे घालायची. सातव्या वेढ्यापर्यंत कुंडी हमखास कलंडायची, आणि तिचा नवरा श्रीरंग लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणायचा, "सात जन्मांचं नंतर बघू, आधी या जन्मातला गालिचा सांभाळ." साताऱ्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर पूजेची तपासणी करायच्या. "अगं वसुधा, पारंब्या कुठायत याला?" असं त्या दरवर्षी विचारायच्या, आणि वसुधा दरवर्षी सांगायची, "येतील आई, थंडीमुळे उशीर होतोय."

तर अशी ही वसुधा. हसरी, बडबडी, कोथरूडच्या एका बालवाडीत आठ वर्षं बाई म्हणून काढलेली. लग्नानंतर श्रीरंगच्या सॉफ्टवेअर कंपनीने त्याला जर्मनीत पाठवलं आणि ही त्याच्यामागोमाग आली. श्रीरंगला ऑफिस होतं, मुलीला, स्पृहाला, शाळा होती. वसुधाला होता फायकस. कोथरूडच्या आठ वर्षांना इथले कागद विचारत नव्हते. शेवटी चाळिशी उलटल्यावर ती विशीतल्या पोरींबरोबर पुन्हा वर्गात बसली, जर्मनमधून परीक्षा दिली, आणि ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडच्या एका गावातल्या किटामध्ये मदतनीस म्हणून लागली. किटा म्हणजे बालवाडीच. पहिल्या दिवशी एका तीन वर्षांच्या पोराने शेंबडं नाक तिच्या स्वेटरला पुसलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला कामाचं समजलं होतं.

किटा चर्चची होती. इथल्या कितीतरी बालवाड्या चर्चच चालवतं, आणि शिकवणारी माणसं शक्यतो चर्चची सभासद असावीत असा रिवाज आहे. पण माणसं मिळेनात, म्हणून गावच्या चर्चचे पाद्री हेर मेंगेस, म्हणजे मेंगेससाहेब, यांनी हिंदू वसुधाला घ्यायला मान डोलावली. करार दोन वर्षांचा, एकतीस ऑगस्ट दोन हजार चोवीसपर्यंत. बरोबर एक कागद सही करायला होता: चर्चच्या मूल्यांचा मान राखीन आणि स्वतःच्या धर्माकडे कुणाला ओढणार नाही. वसुधाने हसत हसत सही केली. आपण कुणाला ओढणार? आपल्या धर्मात आपल्याच मुलीला ओढताना नाकी नऊ येतात.

आणि खरं सांगायचं तर तिला कुणी काही कमी केलं नाही. सप्टेंबरात पोरांनी मातीचे गणपती केले. हेर मेंगेस स्वतः आले, तीन मोदक खाल्ले आणि "देवाच्या घराला बरीच दारं असतात" असं काहीतरी छान बोलले. किटाच्या व्हरांड्यात एक सणांची भिंत होती. ज्याने त्याने आपापल्या घरच्या सणाचे फोटो तिथे लावायचे. तुर्की घरातली ईद होती, पोलंडच्या आजीची इस्टर अंडी होती, आणि मधोमध वसुधाचा गणपती.

या किटात हायके होती. सत्तावन्न वर्षांची, उंच, आखूड पांढऱ्या केसांची, बारा महिने रबरी बुटांत. सव्वीस वर्षं तिथे शिकवत होती, त्यामुळे गावातल्या निम्म्या तरुण आईबापांची नाकंही तिनेच पुसलेली. दर रविवारी चर्चच्या गायकवृंदात उभी राहायची. वसुधाला जर्मन बोलताना शब्द अडला की हायके तो पुढे करायची नाही, थांबायची. घाई न करणारं माणूस परक्या देशात फार मोलाचं असतं. वसुधाचा तिच्यावर जीव जडला.

कराराच्या दुसऱ्या वर्षी, जूनमध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत वसुधाने फायकसचं पुराण सांगितलं. हायके खूप हसली. मग म्हणाली, "कुंडीत कशाला? झाड दाखवते तुला. शुक्रवारी चल. मी तशीही जाणार आहे."

"तू कशाला जाणार आहेस?"

हायकेने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. तिचा नवरा युर्गन सात वर्षांपूर्वी गेला. चर्चमध्ये सगळ्यांनी सांत्वन केलं, चांगल्या मनाने केलं, पण आत काही पोचेना. एक दिवस ती रानाच्या कडेच्या लिंडनच्या झाडाला टेकून बसली आणि तिथे तिला रडता आलं. मग तिला तशाच आणखी दोघी भेटल्या. त्या सूर्याच्या फेऱ्याप्रमाणे वर्षाला आठ सण धरतात. जूनमधला सगळ्यात मोठा दिवस हा त्यातला एक. झाडाला पाणी, फुलं, पाव, मध. "मी हाइडिन आहे," ती म्हणाली. म्हणजे जुन्या देवांना, झाडांना मानणारी. "आणि रविवारी चर्चमध्ये गाते ते पण मनापासून. आल्झो, म्हणजे काय, दोन्ही. फक्त इथे बोलत नाही कुणाजवळ."

वसुधाला यात न बोलण्यासारखं काय आहे ते कळलंच नाही. सोमवारी शंकर, गुरुवारी दत्त आणि मध्ये जमलं तर माउंट मेरीची मेणबत्ती, अशा गावची ती. ती म्हणाली, "अगं मग आमच्यासारखीच की तू!" हायकेचे डोळे असे चमकले की वसुधालाच अवघडल्यासारखं झालं.

त्या वर्षी पौर्णिमा आणि सर्वांत मोठा दिवस लागून आले होते. शुक्रवारी संध्याकाळी वसुधा हिरवी साडी, वर जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज अशा थाटात बसमधून उतरली. लिंडन तीनशे वर्षांचा होता. खोड दोघींच्या कवेत मावेना, आणि तो फुललेला होता. वास असा की मधाची बरणी कुणी उघडी टाकलीय. हायकेच्या दोघी मैत्रिणी घोंगडीवर पाव आणि फुलांचं सरबत मांडत होत्या. वसुधाचा उपास आहे हे लक्षात ठेवून हायकेने तिच्यासाठी वेगळ्या चेरी आणल्या होत्या.

"पूर्वी गावचा न्याय या झाडाखाली व्हायचा," हायकेने सांगितलं. "लिंडनखाली खोटं बोलवत नाही म्हणायचे."

"म्हणजे आमचा पारच की हा," वसुधा म्हणाली. तिने बुंध्याशी निरांजन ठेवलं, खोडाला हळदकुंकू लावलं आणि सूत गुंडाळायला लागली. हायकेने विचारलं, हे कशासाठी? वसुधाने सांगितलं, सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून. हायके हसली.

"मला एकच मिळाला," ती म्हणाली. "तोही अर्धा." आणि थोड्या वेळाने, "मी घालू एक वेढा? युर्गनसाठी?"

वसुधाचा हात क्षणभर अडखळला. नवरा गेलेल्या बाईने वटपौर्णिमेचं सूत धरायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तरी पक्कं ठाऊक होतं. साताऱ्याला कळलं असतं तर गहजब झाला असता. पण समोर हायके हात पुढे करून उभी होती. वसुधाने सुताची गुंडी तिच्या हातात दिली. हायके डोक्यावर फुलांचं कडं घालून, एक हात खोडावर ठेवून, डोळे मिटून झाडाभोवती फिरली. वसुधाने फोटो काढला. चौदा वर्षांत इतकी खरी पूजा आपल्या हातून झाली नव्हती असं तिला वाटलं, आणि परतताना बसमध्ये ती एकटीच हसत होती.

इथवर सगळं ठीक होतं. इथेच थांबली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

सोमवारी वसुधाने तो फोटो छापून आणला आणि सणांच्या भिंतीवर गणपतीशेजारी लावला. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: हायके झाडाची पूजा करताना. हायके त्या आठवड्यात समुद्रावर सुट्टीला गेली होती; तिला विचारायचं वसुधाच्या मनातही आलं नाही. पूजेचा फोटो लपवायचा असतो हे तिला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सत्यनारायण झाला तरी चाळीस जणांना फोटो जातात. हायकेने आवाज खाली आणला होता, दाराकडे बघितलं होतं, ते सगळं ऐकूनही हिने ऐकलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ना, तसं.

बुधवारपर्यंत तीन ईमेल आले. एका बापाने लिहिलं, आमच्या मुलांना चेटकीण शिकवते काय? एका आईला, जी लहानपणी हायकेच्या मांडीवर झोपली होती, खोडावरचा लाल रंग रक्तासारखा वाटला. तिसऱ्याने विचारलं की जुन्या जर्मन देवांच्या नावाने काही लोक भलतंच राजकारण करतात, ही त्यातली तर नाही? या देशात तो प्रश्न उगाच विचारला जात नाही, हे वसुधालाही माहीत होतं. गंमत बघा, डिसेंबरात झाड तोडून चर्चमध्ये आणून नटवलं तर चालतं, इस्टरला सशाने आणलेली अंडी चालतात. पण जूनमध्ये जिवंत झाडापाशी जाऊन डोळे मिटले की लगेच ईमेल. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ते कुठेही तसंच.

गुरुवारी दुपारी हेर मेंगेस आणि किटाच्या प्रमुख फ्राउ डोर्नर, म्हणजे डोर्नरबाई, यांनी वसुधाला बोलावलं. टेबलावर फोटो होता. हेर मेंगेसच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती.

"तुम्ही तिथे होतात?"

"फोटो मी काढला."

फ्राउ डोर्नरने फोटोवर बोट ठेवलं. "हा दोरा, हा दिवा, हे लाल. हे तुमचं आहे की हायकेचं?"

एवढाच प्रश्न. उत्तर एका शब्दाचं होतं. आणि त्या क्षणी वसुधाला दिसला तो सही केलेला कागद: स्वतःच्या धर्माकडे कुणाला ओढणार नाही. एका ख्रिस्ती शिक्षिकेच्या हातात आपण आपलं सूत दिलं. एकतीस ऑगस्टला दोन महिने होते. तिला पोरांचे शेंबडे हात दिसले, आणि त्यांच्यामागे तो घरातला हीटर, तो फायकस, ती रिकामी दुपार.

"हायकेचं," ती म्हणाली.

"आणि लाल ते काय?"

"ठाऊक नाही."

कुंकू ठाऊक नाही! कपाळाला टिकली लावून बसलेली बाई हे म्हणाली. आणि भीतीला एकदा वाट मिळाली की ती थांबत नाही, तसं तिने कुणी न विचारता वर जोडलं, "आमचं वेगळं असतं. आमचा धर्म जुना आहे, त्याला शास्त्र आहे. ती काय करते ते मला नाही सांगता येणार." हेर मेंगेसनी तिच्याकडे थोडा जास्तच वेळ बघितलं, मग आभार मानले.

हायके सुट्टीवरून आली. बंद दाराआड दोन बैठका झाल्या. तिला कुणी काढलं नाही. आपसांत समजुतीने करार संपवला असं पत्र निघालं. सव्वीस वर्षं समजुतीने संपली. शेवटच्या दिवशी ती कपाट रिकामं करत होती, तेव्हा वसुधा तिथे जाऊन उभी राहिली. फोटोबद्दल तिने माफी मागितली. रडली, हात जोडले. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र तोंड उघडवेना.

"तुला त्यांनी विचारलं?" हायकेने रबरी बूट पिशवीत घालत विचारलं.

"हो."

"मग काय सांगितलंस?"

"जे होतं ते."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हायके म्हणाली. "बरं केलंस." आणि तिला मिठी मारली. ती मिठी वसुधाच्या अंगाला अजून टोचते.

ऑगस्टच्या मध्यावर वसुधाला कायमच्या नोकरीचं पत्र मिळालं. श्रीरंगने श्रीखंड आणलं. वसुधाने तोंड गोड केलं आणि रात्रीच्या भांड्यांपाशी उभी राहून त्याला सगळं सांगितलं. त्याने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाला, "फोन कर तिला." स्पृहाने खोलीतूनच ऐकलं असावं; ती दारात आली आणि तिच्या जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, "आई, पण कुंकू तर आपलं आहे." वसुधाने फोन केला नाही. आज करू, उद्या करू, दिवाळीला करू. हायके कुठे उत्तरेकडे बहिणीकडे राहायला गेल्याचं कानावर आलं. पुढे तो नंबर लागेनासा झाला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. वसुधाने झोपाही केला नाही.

पुढच्या वर्षीची वटपौर्णिमा जूनच्या दहा तारखेला आली. वसुधाने सूत आणलं, फायकसपुढे बसली आणि उठली. लिंडनपर्यंत जायचा तर प्रश्नच नव्हता. त्या झाडाखाली कोणत्या तोंडाने उभी राहणार होती?

जुलैत व्हरांड्याला रंग द्यायचा होता. सणांची भिंत रिकामी करून फोटो खोक्यात भरले, रंग वाळल्यावर परत लावायला घेतले. फ्राउ डोर्नर आपल्या खणातून एक पाकीट घेऊन आल्या.

"हा तुझ्याकडे ठेव. फेकवत नाही मला."

तोच फोटो होता. डोक्यावर फुलांचं कडं, मिटलेले डोळे, हातात सूत.

"वाईट झालं तिचं," फ्राउ डोर्नर म्हणाल्या. "पण तिने स्वतःच सगळं कबूल केल्यावर आम्ही तरी काय करणार? ती म्हणाली, दोरा माझा, दिवा माझा, लाल रंग माझा. भिंतीवर फोटो लाव असंही मीच वसुधाला सांगितलं होतं, तिला यात ओढू नका, पोरांना ती हवी आहे."

वसुधा खुर्चीवर बसली. मुलांची खुर्ची होती, गुडघे छातीशी आले.

"तुझ्या सणातलं काही असतं तर प्रश्नच नव्हता गं," फ्राउ डोर्नर पुढे म्हणाल्या. "मेंगेस तर तेवढंच ऐकायला बसले होते. हायके मैत्रिणीच्या सणाला गेली, तिच्यासाठी एक दोरा बांधला, एवढं लिहून त्यांनी पालकांना गप्प केलं असतं. तुझा गणपती नाही का आपण केला?"

"दोरा माझा होता," वसुधा म्हणाली.

फ्राउ डोर्नरनी फोटोकडे बघितलं.

"निरांजन माझं. ते लाल, ते कुंकू. माझं आहे. तिला मी दिलं."

आत कुणीतरी खुळखुळा वाजवत होतं. फ्राउ डोर्नरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे तेव्हा का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या. हेर मेंगेस वसंतात निवृत्त होऊन गेले होते, हायकेच्या जागी नवी मुलगी आली होती. फ्राउ डोर्नर आपल्या खोलीत गेल्या. दार त्यांनी हळूच लावलं.

वसुधाने टाचण्या घेतल्या. फोटो गणपतीशेजारी, पूर्वीच्याच जागी लावला. खालची ओळ कात्रीने कापून टाकली आणि नवी लिहिली: हायके आणि वसुधा, वटपौर्णिमा. अक्षर काही तेवढं सुवाच्य आलं नाही.

मागे लोटे उभी होती, चार वर्षांची, हातात वाळूचं फावडं. ती मार्चमध्ये आलेली; हायके तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

"ही कोण?"

"ही हायके. माझी मैत्रीण."

"काय करतेय?"

"तिच्या नवऱ्यासाठी झाडाला दोरा बांधतेय. दोरा मी दिला तिला."

लोटेने पायांच्या टाचा वर करून फोटो नीट बघितला. बोट लावलं. "आणि हे लाल?"

"ते कुंकू," वसुधा म्हणाली. "ते माझं."

"आहा," लोटे म्हणाली, आणि फावडं घेऊन वाळूत खेळायला गेली.